वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार: कंबर धरण्याआधी या चुका टाळा

कंबर, मान, खांदा, गुडघा. रुग्णालयात पाच-सात वर्षं ड्युटी केलेल्या कुठल्याही मामांना किंवा मावशींना विचारा, यातलं एक तरी दुखणं निघतंच. आणि ते बहुतेकदा वयाच्या नावावर खपवलं जातं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ही माणसं माझ्याकडे उपचाराला येतात, आणि 'वय झालं' हे उत्तर मला पटत नाही. पस्तिशीतल्या वॉर्डबॉयचा खांदा वर जात नसेल तर त्याचं कारण त्याच्या कामात शोधायला हवं.

एकट्याने रुग्ण उचलणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नातेवाईक घाई करतात, एक्स-रेवाले बोलावत असतात, दुसरा वॉर्डबॉय कॅज्युअल्टीत अडकलेला असतो, मग 'व्हा बाजूला, मी घेतो' असं म्हणत एकटाच माणूस वाकतो.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबात, सगळं अनुकूल असताना एका माणसाने उचलायच्या खोक्याची मर्यादा २३ किलो आहे. रुग्ण हलवताना तीच मर्यादा जेमतेम १६ किलोवर येते. खोकं घाबरून गळ्याला मिठी मारत नाही, मध्येच पाय झाडत नाही. रुग्ण ते करतो. आता ७० किलोचा रुग्ण चौघांनी चादरीत धरून उचलला असं समजा. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा किलो येतात. म्हणजे चौघेही मर्यादेच्या बाहेर!

म्हणून उचलू नका, सरकवा. ट्रॉली पलंगाला चिकटवा आणि ट्रॉलीचे ब्रेक लावा. पलंगाला चाकं असतील तर त्याचेही. ट्रॉलीची उंची कमी-जास्त होत असेल तर ती पलंगापेक्षा किंचित खाली ठेवा. चादरीची कड रुग्णाच्या अंगापर्यंत गुंडाळत आणा आणि तिथेच मूठ भरून धरा. लांबून धरलेली चादर सगळा भार खांद्यावर टाकते. स्लाइड शीट (रुग्ण सरकवायची गुळगुळीत चादर) नसेल तर चादरीखाली नवी कोरी, मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. घर्षण इतकं कमी होतं की पहिल्यांदा वापरणारे चकित होतात. काम झालं की ती लगेच काढून घ्या. 'एक, दोन, तीन' डोक्याकडच्या माणसानेच म्हणायचं, बाकीच्यांनी नाही. मणक्याला मार असल्याची शंका असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच हलवा.

पलंग कमरेच्या उंचीवर घ्या, असं पुस्तकात असतं. आपल्या सरकारी वॉर्डांतल्या बहुतेक पलंगांना ती सोयच नाही. पायथ्याचं हँडल फिरवलं की फक्त पाठ किंवा गुडघे वर होतात. अशा पलंगावर लांब हात करून ओढण्यापेक्षा एक गुडघा गादीवर टेकवा. कमरेतून वाकणं बरंच वाचतं.

काखेत हात घालून उठवणं

व्हीलचेअरवरून उठवताना काखेत हात घालायची सवय जवळजवळ सगळ्यांनाच आहे. यात तुमची कंबर जाते आणि रुग्णाचा खांदाही. लकवा झालेल्या रुग्णाचा खांदा अशा ओढण्याने निखळू शकतो. रुग्णाला खुर्चीच्या कडेला पुढे सरकायला सांगा, त्याचे पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे झुकू द्या. मग तो स्वतःच बराचसा उठतो. तुम्ही कमरेशी आधार द्यायचा. त्याला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगा. आणि त्याआधी ब्रेक लावा, फूटरेस्ट वर करा.

ट्रॉली ओढणं

ओढताना एक हात मागे राहतो, अंग पिळलं जातं. ढकला, दोन्ही हातांनी. ट्रॉली जड चालते ही तक्रार मात्र मी पूर्ण खरी मानते. एकदा ती आडवी करून चाकं पाहा: लांब केस, बँडेजचे दोरे, गॉझचे तुकडे आसाभोवती घट्ट गुंडाळलेले असतात आणि चाक फिरण्याऐवजी घसरतं. आठवड्यातून एकदा कात्रीने ते कापून काढलं आणि तेलाचे दोन थेंब सोडले तरी रोजची ताकद वाचते. हे काम कुणाचं, हे इनचार्ज सिस्टरांनी ठरवून दिलं पाहिजे. नाहीतर ते कुणाचंच राहत नाही. रॅम्पवर रुग्णासह ट्रॉली नेताना दोन माणसं हवीतच.

ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर ५० किलोच्या वर असतो. तो तिरका करून तळाच्या कडेवर गरगर फिरवत नेण्याचं कौशल्य अनेकांकडे आहे, पण एकदा तोल गेला की मनगट किंवा पायाची बोटं गेलीच. साखळीची सिलिंडर-ट्रॉली मागा.

आखूड दांड्याचा मॉप आणि काठोकाठ बादली

मॉपचा दांडा छाती आणि हनुवटीच्या मध्ये यायला हवा. आखूड असेल तर आठ तास कंबर वाकलेलीच राहते. पुसताना कमरेतून पिळवटू नका, पाय वळवा. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. अर्धी भरा, दोन फेऱ्या होऊ देत. दिवसभर हाताने पोछा पिळणाऱ्या मावशींना रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरं वाटतं. हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण आहे. लवकर दाखवलं तर रात्री मनगटाला बांधायच्या पट्टीने फरक पडू शकतो.

कचऱ्याची पिशवी पाऊण भरली की बांधायची, हा नियम संसर्गासाठी आहे, पण तो तुमच्या खांद्यालाही वाचवतो. ओल्या चादरींच्या गाठोड्यालाही तोच न्याय लावा.

पट्टा, सुई आणि आठवडाभर पडून राहणं

कमरेचा पट्टा बांधून जड उचलता येतं, हा गैरसमज आहे. निरोगी कामगाराला पट्ट्याने इजा टळते याचा पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं. रुग्णालयात असल्याचा एक तोटा म्हणजे 'सिस्टर, एक डायक्लो मारा' म्हणलं की वेदनाशामक सुई मिळते. उसण भरली असताना डॉक्टरांनी दिलेला एखादा डोस वेगळा. दर पाळीला सुई घेणं म्हणजे पोटात अल्सर आणि किडनीवर ताण. बीपी किंवा शुगर असेल तर धोका आणखी वाढतो.

आठवडाभर अंथरुणाला खिळूनही फायदा नाही. एक-दोन दिवसांनंतर हळूहळू चालायला लागा. फक्त लघवी-संडासावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. यात 'उद्या बघू' चालत नाही.

तोंडी सांगून सोडून देणं

ड्युटीवर उसण भरली तर त्याच पाळीत इनचार्जना लेखी द्या: तारीख, वेळ, कोणता रुग्ण किंवा वस्तू हलवत होतात, सोबत कोण होतं. केसपेपरवर 'कामावर असताना' हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. कंत्राटी कामगार असाल आणि पगारातून ईएसआयसी (कामगार विमा योजनेची वर्गणी) कापली जात असेल, तर कामावरच्या अपघातामुळे तीन दिवस किंवा जास्त घरी राहावं लागल्यास पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही. कागद नसेल तर कंत्राटदार 'घरी पडला असेल' म्हणायला मोकळा. हळूहळू वाढलेल्या दुखण्याचा दावा सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून कुठली कळ कधी आली, कुठे आली, हे एका वहीत टिपत चला. मान, खांदा, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांडी, गुडघा, घोटा एवढी नावं लिहून पुढे तारीख टाकली तरी पुरे. एकाच वॉर्डातल्या चौघांच्या वहीत 'कंबर' निघाली, तर ती पानं घेऊन मेट्रनकडे (सिस्टरांच्या प्रमुखांकडे) एकत्र जा आणि स्लाइड शीट लेखी मागा.