जहाजभाड्यावरचा जीएसटी: जुन्या निकालाच्या आधारे अपील कसं उभं करायचं

जालन्यातल्या स्टील कारखान्याने परदेशी भंगार मागवताना जहाजभाड्यावर वेगळा आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) भरला असेल, तर अपिलात सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा मोहित मिनरल्स निकाल धरा. नुसतं नाव टाकून भागत नाही. तो निकाल सीआयएफ सौद्याचा, म्हणजे किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेल्या सौद्याचा; अशा सौद्यात आयातदाराकडून भाड्यावर वेगळा कर घेता येत नाही, असं त्यात म्हटलंय. म्हणून आधी इन्व्हॉइस बघा. ‘सीआयएफ न्हावा शेवा’ छापलेलं दिसलं की निम्मं काम झालं. एफओबी (भाडं किमतीत न धरलेला सौदा) निघालं, तर खात्याला फरक दाखवायला आयती जागा मिळते. बिल ऑफ एन्ट्री (आयातीचं कस्टम्सचं कागदपत्र) जोडून भाड्यासकट किमतीवर कर आधीच भरल्याचं दाखवा.

एपीएल-०१, म्हणजे अपिलाचा फॉर्म, खात्याचा आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत भरा. सबळ कारण दिलं तरी वर १ महिनाच. वादातल्या कराचे १०% आधी भरा. भरलेल्या त्या कराचं इनपुट क्रेडिट (पुढच्या करातून मिळणारी वजावट) वापरून झालं असेल, तर परताव्याचं सोडा.