एमएसचं निदान करताना या चुका टाळा

पंचविशीतली मुलगी. देवगडला आंब्याच्या पेट्या भरताना डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं, डोळा फिरवला की दुखायचं. कुणीतरी थेंब दिले, महिन्याभरात नजर परतली, कागद हरवला. दीड वर्षाने पाय बधिर झाले तेव्हा ती माझ्याकडे आली. मी थेट पाठीचा एमआरआय लिहिला, डोळ्याचं विचारलंच नाही. उठताना तिची आई म्हणाली, "डॉक्टरानू, आदी हिचो एक डोळो पण गेल्लो."

ही चूक माझी. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं आवरण झिजवणारा आजार. त्याचा पहिला झटका बहुधा आपोआप ओसरतो, म्हणून पेशंट तो सांगत नाही. आपणच खोदून विचारायचं: एक डोळा काही दिवस अंधुक होता? मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो? २४ तासांहून जास्त टिकलेली बधिरता? बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरा. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेली असेल तर त्या डोळ्याला लाल फिका दिसतो. एमएसच्या निदानासाठीच्या २०२४च्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत डोळ्याची नसही आजाराची एक जागा म्हणून मोजली जाते.

उलट चूकही तितकीच घातक. मायग्रेन किंवा बीपीच्या पेशंटच्या मेंदूत पांढरे ठिपके दिसले, की लगेच एमएसचा शिक्का बसतो. बी१२, टीबी, एचआयव्ही, सिफिलिस आधी बघा. मज्जारज्जूतली सूज तीन मणक्यांएवढी किंवा जास्त लांब असेल तर रक्तातल्या एक्वापोरिन-४ आणि मॉग अँटीबॉडी तपासायला पाठवाच; त्यातून एमएससारखे दिसणारे वेगळे आजार कळतात. त्यातला एनएमओ असताना इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड हे एमएसचं औषध दिलं तर आजार चिघळू शकतो. रक्त शक्यतो स्टेरॉइडआधी काढा, पण झटका मोठा असेल तर रिपोर्टसाठी स्टेरॉइड अडवू नका.

आणि आपला मे महिना! घामाच्या उकाड्यात जुनीच लक्षणं डोकं वर काढतात, कारण आवरण झिजलेल्या नसेतून उष्णतेत संदेश नीट जात नाही. अंग गार झालं की पाय पुन्हा चालतो. हा नवा झटका नव्हे. आधी ताप आणि लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही ना ते बघा, मगच मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची बाटली लावा.

स्टेरॉइडने चालू झटका लवकर आवरतो, पुढचा थांबत नाही. पुढचे झटके टाळण्याचं औषध लगेच ठरवा; रिटुक्सिमॅब देणार असाल तर आधी हिपॅटायटिस बी आणि टीबी तपासा. तरुण बाईला मूल हवंय का, हे गोळी लिहिण्याआधी विचारा. फिंगोलिमॉड गरोदरपणात चालत नाही.