वेबटूनमधलं पात्र कसं घडवायचं: खरी कसोटी मधल्या तीस भागांची

वेबटून, म्हणजे मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायची चित्रकथा, लिहायला घेतलं की पहिला सल्ला मिळतो तो पात्राची कुंडली मांडण्याचा. जन्मतारीख, आवडता रंग, लहानपणीची जखम, भीती, स्वप्न. असे तक्ते मी वहीभर भरले आहेत आणि त्यातली एकही ओळ पुढे चित्रात उतरली नाही. कोरियन वेबटून आठवड्याला एक भाग या हिशेबाने चालतं, एका भागात साधारण साठ-सत्तर चौकटी असतात आणि वाचक ते मोबाइलवर अंगठ्याने सरकवत वाचतो. गेल्या आठवड्यात जिथे सोडलं होतं तिथून हे पात्र आज कुठवर आलं, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून मी सांगते तो क्रम त्या वाचकाच्या अंगठ्याकडे बघून ठरवलेला आहे.

चित्रं काढता येतात, गोष्टीचा आराखडा तयार आहे, असं धरून चालते.

१. पात्राला काय हवंय ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात माणसाचं नाव किंवा हातात धरता येईल अशी वस्तू असलीच पाहिजे. २०१० साली सुरू झालेल्या ‘टॉवर ऑफ गॉड’ या वेबटूनमधला बाम मनोऱ्यात शिरतो तो फक्त त्याच्या मैत्रिणीच्या, रेचलच्या मागे. ‘तिला यशस्वी व्हायचंय’ असलं वाक्य लिहिलं असेल तर खोडा.

२. पात्र नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखू यावं. यावर एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

३. ताकद आणि बदल यांची गल्लत करू नका. ‘सोलो लेव्हलिंग’ गाजल्यापासून नवे लेखक नायकाची लेव्हल वाढवत नेतात आणि त्यालाच पात्र घडवणं समजतात. त्या मालिकेची सगळी बांधणीच चढत्या ताकदीवर उभी आहे आणि चित्रं अफाट आहेत, म्हणून तिथे ते शोभतं. तुमचा नायक पन्नासाव्या भागात डोंगर फोडत असेल, पण आईशी पहिल्या भागात बोलत होता तसाच आजही बोलत असेल, तर तो बदललेला नाही.

४. मधला पट्टा: दहावा ते चाळिसावा भाग. माझी पहिली लांब मालिका इथेच बुडाली, त्यामुळे इथे जरा थांबते.

अडचण काय आहे ते कोरियन वाचकांच्या दोन शब्दांत सगळं येतं. नायक मार खात राहिला, बोलायच्या वेळी गप्प बसला, की ते म्हणतात ‘गोगुमा’, म्हणजे रताळं. एकादशीला उकडलेलं रताळं पाण्याशिवाय खाल्लेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. घास छातीत बसतो, वर येत नाही आणि खाली जात नाही. मग नायकाने कुणाला तरी सडेतोड उत्तर दिलं की ‘साइदा’, म्हणजे फसफसणारं थंड पेय. बदल दाखवायला वेळ लागतो, त्या वेळात रताळं साचत जातं आणि वाचक दर आठवड्याला साइदा मागत राहतात. लेखक घाबरतो आणि सगळा बदल एका भागात ओतून मोकळा होतो.

मीही तेच केलं. माझी मीनल काकांच्या मेडिकलमध्ये गल्ल्यावर बसायची. कुणाला ‘नाही’ म्हणणं तिला जमत नव्हतं. तेराव्या भागापर्यंत वाचक वैतागले आणि चौदाव्या भागात मी तिला भर दुकानात काकांवर ओरडायला लावलं. आठवडाभर कौतुक झालं. पंधराव्या भागाला बसले तर हातात काहीच उरलं नव्हतं. तेरा भाग जिच्याशी ओळख झाली ती मुलगी गेली होती आणि तिच्या जागी बसलेली मुलगी मलाच अनोळखी होती. बावीसाव्या भागात मालिका गुंडाळली.

दोन वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा लिहिली. तेव्हा जे केलं ते आजतागायत प्रत्येक मालिकेत करते. पात्राची एकच छोटी कृती निवडायची आणि ती ठरावीक अंतराने, त्याच कोनातून, त्याच चौकटीत पुन्हा काढायची. मी तिला खुणेची चौकट म्हणते. मीनलची कृती होती काकांचा फोन आला की ती काय करते ही.

दुसऱ्या भागात फोन वाजतो, ती हातातलं टाकून उभी राहते, ओढणी सारखी करते आणि काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘हो काका’ म्हणते. अकराव्या भागात तिच्या हातात गोळ्यांची पट्टी आहे. ती दहापर्यंत मोजून संपवते, मग फोन घेते. एकोणिसाव्या भागात सवयीने उठते, अर्ध्यावर थबकते आणि परत खाली बसून बोलते. तेविसाव्या भागात काका आजारी आहेत, त्यामुळे ती पुन्हा धडपडत उभी राहते, ओढणीही सारखी करते. सत्ताविसाव्यात बसल्या जागेवरून म्हणते, “काका, गिऱ्हाईक आहे. मी करते फोन.” कुणी ओरडलं नाही, काही आदळलं नाही. त्या भागाखाली वाचकांनी जे लिहिलं ते चौदाव्या भागाच्या कौतुकापेक्षा कितीतरी मोलाचं होतं, कारण ओढणीवरून हात फिरला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

तेविसावा भाग गाळू नका. माणूस सरळ रेषेत बदलत नाही. एकदा तरी मागे घसरलेलं दाखवलं नाही, तर शेवटचा बदल खोटा वाटतो. आणि खुणेची चौकट दर वेळी नव्याने आखू नका. पहिल्या वेळची फाइल उघडा, तिच्यावरच काढा. कोन जरा जरी हलला तरी वाचकाला जुनी चौकट आठवत नाही.

मग रताळ्याचं काय? माझं मत ठाम आहे: साइदा द्या, पण तो पात्राला आधीपासून जे येतं त्यातून द्या. होऊ घातलेल्या बदलाला त्यासाठी हात लावू नका. मीनल घाबरट असली तरी औषधांत पक्की आहे. सोळाव्या भागात ती खाडाखोड केलेली चिठ्ठी एका नजरेत ओळखते आणि गिऱ्हाइकाला औषध न देता परत पाठवते. वाचकाचा घसा मोकळा होतो आणि काकांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

हे मी ‘मिसेंग’वरून शिकले. २०१२-१३ मधली ही मालिका सोलच्या एका व्यापारी कंपनीत घडते. तिचा नायक जांग ग्रे लहानपणापासून बादुक, म्हणजे गो हा पटावरचा खेळ, शिकलेला, पण व्यावसायिक खेळाडू होऊ न शकलेला मुलगा. ऑफिसातलं त्याला काही येत नाही, डाव वाचणं मात्र येतं, आणि त्याला जे छोटे विजय मिळतात ते त्या वाचण्यातून. पहिलं पर्व गोच्या १९८९ च्या इंग चषक स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या पाचव्या डावावर बेतलेलं आहे. त्या डावात १४५ चाली होत्या आणि भागांच्या सुरुवातीला त्यातली एकेक चाल येते. घाई करायला लेखकाने स्वतःला जागाच ठेवलेली नाही. अखेरीस ग्रेला तिथे कायमची नोकरी मिळत नाही, तरी पहिल्या दिवशीचा बुजरा मुलगा तो राहिलेला नसतो.

५. कोण कुणाला काय म्हणतं याचा तक्ता करा. भरायचाच असेल तर हा तक्ता भरा. कोरियनमध्ये आदराची बोली म्हणजे जोन्देन्माल आणि सलगीची म्हणजे बान्माल. एखादं पात्र ज्या भागात पहिलीवरून दुसरीवर येतं, तो भाग वाचकांच्या लक्षात राहतो. आपल्यापैकी बहुतेक जण ही वेबटून इंग्रजीत वाचतात आणि तिथे दोन्हीकडे ‘यू’ असल्यामुळे हे सगळं पुसलं जातं. मराठीत लिहिताना मात्र तू, तुम्ही, अहो, अगं हे सगळं हाताशी असतं आणि तरी नवे लेखक ते वाटेल तसं उधळतात. कोणत्या भागात कोण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणार ते आधीच लिहून ठेवा. माझ्या गोष्टीत काका मीनलला सतत ‘ए पोरी’ म्हणतात. एकतिसाव्या भागात ते एका गिऱ्हाइकाला सांगतात, “मीनलला विचारा, तिला माहितीये.” त्या चौकटीत मीनल पाठमोरी आहे, फळीवरून बाटली काढतेय.

६. निर्णयाच्या जागी मोकळी जागा सोडा. उभ्या स्क्रोलमध्ये दोन चौकटींमधलं अंतर म्हणजे वेळ. मी ८०० पिक्सेल रुंदीवर आखते आणि निर्णयाआधी मोबाइलचा निदान दीड पडदा भरेल एवढं कोरं सोडते. त्यानंतर फक्त हात, चेहरा नाही. तिथे मनातले विचार लिहून ती जागा भरू नका. मनातलं बोलून दाखवायचं असेल, तर त्यासाठी ‘युमीज सेल्स’सारखी आख्खी मांडणी उभी करावी लागते. २०१५ ते २०२० मधल्या ५१२ भागांत युमीच्या डोक्यातल्या पेशी भांडतात, रुसतात, भुकेने ओरडतात. तेवढं करणार नसाल तर कोरी जागा पुरते. आणि हे अंतर मोबाइलवरच तपासा. मॉनिटरवर ते नेहमी जास्त वाटतं आणि आपण ते कापून टाकतो.

७. दहा भाग तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. कोरियात वाचक पैसे मोजून पुढचे भाग आधी वाचतात, इतकी त्यांना घाई असते. आपल्याकडचे वाचकही थांबत नाहीत. हाताशी शिल्लक नसेल तर रताळ्याच्या पहिल्याच तक्रारीला तुम्ही गोष्ट वाकवाल. पुढच्या भागाची कॉन्टी, म्हणजे कच्चा आराखडा, पुरी होईपर्यंत आधीच्या भागावरचे अभिप्राय उघडू नका.

नवा भाग टाकायच्या आदल्या रात्री पहिली खुणेची चौकट आणि आजची चौकट मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवा. फुग्यांतली अक्षरं पुसा. मालिका न वाचलेल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, या मुलीत काय बदललं? त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं तर भाग टाका. नाही तर तेवढी एक चौकट पुन्हा काढा.