गोल्फचे आयर्न घ्यायला जाण्याआधी: स्विंग मंदावलेल्या ज्येष्ठ खेळाडूंसाठी

दुकानाची पायरी चढण्याआधी दोन-तीन राउंड वही खिशात ठेवून खेळा. प्रत्येक आयर्नने (धातूच्या पातळ हेडचे, नंबर घातलेले क्लब) चेंडू हवेतून किती गेला, म्हणजे कॅरी किती, आणि पडल्यावर किती घरंगळला, हे वेगवेगळं लिहायचं. एखादा झकास बसलेला फटका धरू नका, नेहमीचा धरा. साठीनंतर आपल्या डोक्यात जे यार्ड असतात ते बहुतेकदा जुने असतात, आणि त्यांच्या भरवशावर घेतलेला सेट पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो.

वही भरली की एकच गोष्ट शोधा: कुठल्या दोन क्लबांचं अंतर सारखं येतंय? माझ्या वहीत 5 आणि 6 नंबरच्या कॅरीत जेमतेम तीन यार्डांचा फरक निघाला. स्विंगचा वेग कमी झाला की कमी लॉफ्टच्या (चेंडूला लागणारा चेहरा कमी तिरका असलेल्या) क्लबने चेंडू पुरेसा वर चढत नाही, त्याला फिरकीही कमी मिळते आणि तो लवकर खाली येतो. म्हणून तुमचा सेट जिथे अंतरं एक व्हायला लागतात तिथेच संपवा. त्याच्या वरच्या (कमी नंबरच्या) जागा हायब्रिडला, म्हणजे आयर्न आणि वुडच्या मधल्या क्लबला, किंवा 7 नंबरच्या फेअरवे वुडला (मोठ्या, गोलसर हेडचा क्लब) द्या. त्यांचं वजन चेहऱ्यापासून मागे आणि खाली असतं, त्यामुळे तोच वेग चेंडूला जास्त उंच नेतो. 4 पासून पिचिंग वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांचा, जास्त लॉफ्टचा क्लब) अख्खा सेट घेतलाच पाहिजे असं काही नाही. नियमाने बॅगेत 14 क्लब चालतात, त्यातली प्रत्येक जागा उपयोगाची हवी.

आता लॉफ्ट. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. क्लबवर कोरलेला नंबर हा नुसता नंबर आहे. पूर्वी 7 नंबरचा लॉफ्ट साधारण 34 ते 36 अंश असायचा. आज ‘लांब जाणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सेटमध्ये तो 28 ते 30 अंशांवर आलाय. म्हणजे हातात जुना 6 किंवा 5 नंबर आणि वर शिक्का 7 चा. मी असाच एक सेट घेतला होता. दुकानातल्या पडद्यावर 7 नंबर बारा यार्ड जास्त जाताना बघून हरखून गेलो. मैदानावर तोच चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) पडून मागच्या बाजूने निघून जायचा. शिवाय त्या सेटचा पिचिंग वेज 43 अंशांचा आणि माझा सँड वेज 56 चा, मध्ये 13 अंशांची दरी. ऐंशी यार्डांच्या आसपास खेळायला माझ्याकडे क्लबच उरला नव्हता. तेव्हा विचारताना सगळ्या सेटचा लॉफ्टचा तक्ता मागून घ्या, तुमच्या वेजशी जोडून बघा, आणि दोन क्लबांत चार-पाच अंशांपेक्षा मोठी फट दिसली तर मधला वेज हिशोबात धरा.

लॉन्च मॉनिटरवर (फटक्याचं अंतर, उंची मोजणारं यंत्र) फटके मारताना सगळ्यांची नजर अंतरावर असते. तुम्ही चेंडू किती उंच गेला आणि किती अंशांनी उतरला ते बघा. उतार 45 अंशांच्या जवळ असेल तर चेंडू ग्रीनवर थांबायची आशा धरता येते. पस्तिशीत असेल तर तो पळणार. 2009 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला 59 वर्षांच्या टॉम वॉटसन या गोल्फपटूला जिंकायला शेवटच्या होलवर फक्त पार (ठरलेल्या फटक्यांत होल) हवा होता. त्याचा 8 नंबरचा फटका ग्रीनवर पडला आणि पलीकडे निघून गेला. होल एका फटक्याने जास्तीत गेला आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीचे जादा होल) ओपन हातची गेली. मैदान कडक होतं, वारा होता, हे खरंच. पण तो फटका आठवला की मला पटतं: आयर्नचं काम चेंडू लांब नेण्याचं कमी आणि थांबवण्याचं जास्त.

शाफ्टसाठी (क्लबचा दांडा) एकाच हेडवर स्टील आणि ग्रॅफाइट दोन्ही मारून बघा. आयर्नचा स्टील शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅम, ग्रॅफाइटचा बहुधा 50 ते 80. चेंडू पातळ, म्हणजे चेहऱ्याच्या खालच्या कडेला, लागला की स्टीलमधून जी झिणझिणी कोपरापर्यंत चढते, ती ग्रॅफाइटमध्ये बरीच कमी होते. बोटांच्या सांध्यांना त्रास असेल तर हे एक कारणही पुरेसं आहे. मात्र सगळ्यात हलका तोच चांगला, असं धरून चालू नका. ज्यांची लय संथ आणि एकसारखी आहे त्यांना फार हलक्या शाफ्टमध्ये हेड कुठे आहे ते कळेनासं होतं. शाफ्ट किती लवतो ते सांगणारी सीनियर, रेग्युलर ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या सीनियरइतका मऊ निघू शकतो, तेव्हा अक्षर न बघता मारून ठरवा.

हेडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रुंद सोल (हेडचा तळ), मागे पोकळी, थोडा ऑफसेट (चेहरा शाफ्टच्या जरा मागे), एवढं पुरे. फक्त मॅटवर मारून निर्णय घेऊ नका. चेंडूच्या मागे आपटलेला क्लब मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि चूक झाकली जाते. गवतावर तोच फटका अर्ध्यात मरतो.

लाय अँगल (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) तपासायला चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, रेघ क्लबच्या चेहऱ्याकडे करून मारा. चेहऱ्यावर ठसा सरळ उभा उमटला तर ठीक. तिरका आला तर क्लब वाकवून घ्यावा लागेल, आणि ते हेड कितपत वाकतं हे पैसे देण्याआधीच विचारा. ग्रिपसाठी वरच्या हाताने क्लब धरा. मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. मूठ आवळताना दुखत असेल तर एक माप जाड घ्या.

जाताना स्वतःचे गोल्फ शूज, ग्लव्ह, जुना 7 नंबर आणि तुम्ही नेहमी खेळता ते चेंडू बरोबर न्या. रेंजवरचे चेंडू अनेकदा कमी जातात. राउंडनंतर थकलेल्या अंगाने जाऊ नका, पण शेवटचे दहा फटके मात्र नीट बघा, कारण शेवटचे चार होल तुम्ही त्याच थकलेल्या हातांनी खेळणार आहात. शक्य असेल तर एक क्लब एक दिवस मैदानावर खेळायला मागा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मूठ वळून बघा, कोपर दाबून बघा. दुखत असेल तर दुसऱ्या शाफ्टने पुन्हा एकदा, आणि पैसे त्यानंतर.