टायमिंग चेन बदलताना ढिलाई कोणत्या बाजूला राहते?

कोकणात पिकअप ज्या पद्धतीने वापरली जाते, ती पद्धत टायमिंग चेनला, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशी जोडणाऱ्या साखळीला, मानवणारी नाही. बंदरावर लिलाव आटोपून बर्फ आणि मासळी भरून होईपर्यंत इंजिन उभ्याउभ्या चालू राहते, आंब्याच्या हंगामात पेट्यांनी लादलेली तीच गाडी रात्रभर वाशीच्या बाजाराकडे धावते, आणि एप्रिल-मेमध्ये गाडी एक दिवसही उभी ठेवणे मालकाला परवडत नसल्यामुळे ऑईल बदलणे पावसाळ्यावर ढकलले जाते. डिझेल इंजिनाची काजळी ऑईलमध्ये उतरते, त्या ऑईलमुळे चेनच्या प्रत्येक पिनेची आणि बुशची किंचित झीज होते, आणि सगळ्या कड्यांची झीज एकत्र होऊन चेन लांबते. त्यामुळे आयटीआय संपवून किनाऱ्यावरच्या गॅरेजात उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हे काम केव्हातरी येतेच.

आवाज ऐकल्याबरोबर चेनवर ठपका ठेवू नये. त्या इंजिनात चेन आहे, पट्टा आहे की गिअर आहेत, याची आधी खात्री करावी. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन ती थांबत असेल, तर ऑईलच्या दाबाने चेन ताणून धरणाऱ्या हायड्रॉलिक टेन्शनरमध्ये ऑईल पोहोचायला वेळ लागत आहे, असा तर्क करता येतो. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये ऑईल अडवून धरणारा व्हॉल्व्ह नीट नसला, तरी नेमके हेच घडते. इंजिन गरम झाल्यावरही आवाज टिकत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो बदलत असेल, तर संशय वाढतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाशी धरून ऐकावे. नंतर बाहेरचा पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहावे, म्हणजे अल्टरनेटर, आयडलर आणि वॉटर पंप यांची बेअरिंगे वेगळी पडतात. एवढे केल्यावर उरलेली शंका ऑईल चेंबर उतरवल्यावर फिटते. चेंबरमध्ये प्लास्टिकचे तुकडे सापडले, तर चेन जिच्यावरून घासत सरकते ती पट्टी, म्हणजे गाईड, तुटले आहे आणि कव्हर उघडण्यावाचून मार्ग नाही.

चेंबर न उतरवता नुसते कव्हर काढून चेन बदलण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. तुटलेल्या गाईडचे तुकडे ऑईल पंपाकडे जाणारे ऑईल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकलेले असतात. ते तसेच राहिले, तर नव्या टेन्शनरला पुरेसा दाब मिळत नाही आणि तोच आवाज परत येतो. टोयोटाच्या २२आर इंजिनाचे उदाहरण जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. १९८३ च्या मॉडेलपासून त्यात एकेरी चेन आणि प्लास्टिकचे गाईड आले, आणि गाईड तुटल्यावर सैल चेन टायमिंग कव्हर आतून घासत जाऊन थेट कूलंटच्या वाटेपर्यंत पोहोचू लागली. तेव्हा कव्हर हातात आले की त्याची आतली बाजू बोट फिरवून तपासावी, आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसत असेल तर काम चेनपुरते राहिलेले नाही, हे मालकाला त्याच वेळी सांगावे.

आता ज्या गोष्टीने शिकण्याच्या काळात मला सर्वांत जास्त छळले, ती सविस्तर सांगतो, कारण ती नीट समजावून सांगणारे कोणी भेटत नाही. क्रँक आणि कॅमच्या दातेरी चाकांवरच्या (स्प्रॉकेटवरच्या) खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळले, असे नाही. इंजिनासमोर उभे राहून पाहिल्यास क्रँक सहसा घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे आपल्या उजवीकडची चेन कॅमकडून क्रँककडे ओढली जाते आणि ताठ राहते. ढिलाई डावीकडे जमते, आणि टेन्शनर त्याच बाजूला असतो. पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागी, आणून, कॅमची खूण जुळवून चेन चढवताना उजव्या बाजूला थोडी ढिलाई उरली, तरी दोन्ही खुणा बरोबरच दिसतात. टेन्शनर दाबून धरणारी पिन काढल्यावरही त्या बरोबरच दिसतात. परंतु क्रँक फिरवायला लागताच तो आधी ती उजवीकडची ढिलाई खातो, तेवढा वेळ कॅम जागचा हलत नाही, आणि दोन फेऱ्यांनंतर क्रँक खुणेवर आला तरी कॅम मागे राहतो. कॅम स्प्रॉकेटला ३६ दाते असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे १० आणि क्रँकचे २० अंश होतात. डिझेल इंजिनात एवढी चूक व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायला पुरेशी ठरू शकते.

म्हणून चेन आधी क्रँकवर बसवावी, ताठ बाजू स्थिर गाईडला चिकटवून सरळ वर ओढावी, कॅमला पान्याने किंचित पुढे-मागे करून दात बसवावा, आणि उरलेली सगळी ढिलाई टेन्शनरकडे जाऊ द्यावी. मगच पिन काढावी. त्यानंतर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालते त्याच दिशेने पूर्ण दोन फेऱ्या हाताने द्याव्यात. मध्येच कडक अडथळा लागला, तर जोर लावू नये. तिथेच थांबून पुन्हा उघडावे. उलट दिशेने तर मुळीच फिरवू नये, कारण त्यामुळे ढिलाई ताठ बाजूला येते आणि टेन्शनर दबून चेन दात सोडू शकते. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या खुणांसमोर येणार नाहीत. त्याने घाबरून जाऊ नये. त्या कड्या फक्त बसवतानाच्या खुणेसाठी असतात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळतात. तपासायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा.

क्रँक पुलीचा बोल्ट सोडवण्यासाठी पाना चासीला टेकवून स्टार्टर मारणारे मेस्त्री तुम्हाला भेटतील. त्यांचा हात कितीही बसलेला असला, तरी ही गोष्ट त्यांच्याकडून शिकू नका. पाना निसटला तर मनगट जाते. फ्लायव्हील अडकवून बोल्ट सोडवावा. माझ्या मते, जो मेस्त्री उघडलेल्या इंजिनासमोर प्रश्न विचारू देतो, त्याच्याकडे कमी पगारातही राहावे, आणि जो फक्त पाने उचलायला लावतो, त्याच्याकडे वर्ष घालवू नये.

खाऱ्या हवेमुळे कव्हरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात. आदल्या संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचावा. हेड न उतरवता कव्हर काढत असाल, तर हेड पॅकिंगचा पुढचा भाग फाटू न देण्याची काळजी घ्यावी आणि जोडताना तिथल्या कोपऱ्यांत सिलिकॉन भरावे. स्प्रॉकेट, गाईड, टेन्शनर आणि क्रँकचे सील चेनसोबतच बदलावेत; झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत थोडे थोडे थांबून स्टार्टर द्यावा. त्यानंतरही सुरुवातीचे काही क्षण खडखड ऐकू येईल आणि छातीत धस्स होईल. टेन्शनर भरला की ती थांबते. थांबली नाही, तर इंजिन लगेच बंद करून ऑईलचा दाब मोजावा. गाडी ताब्यात देताना मालकाला सांगावे की हे ऑईल ५०० ते १००० किलोमीटरवर बदलायचे आहे, हंगाम चालू असला तरीही.