संस्थेच्या कार्यालयात रुजू होताय? आधी रीत शिकून घ्या

पुण्यात नोंदणीकृत संस्थांना तोटा नाही. शिक्षणसंस्था, वाचनालयं, वसतिगृहं, गल्लोगल्ली काही ना काही आहेच. अशा कार्यालयात नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, इथे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, मग एवढे सोपस्कार कशाला?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याची ओळख आहे, त्याचं काम तोंडी सांगूनही होतं. ज्याची नाही, त्याला कागदाशिवाय वाली नाही.

पहिलं म्हणजे बैठक. संस्थेची घटना एकदा मुळापासून वाचा. सूचना किती दिवस आधी निघायला हवी, गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी किती, सभा तहकूब झाली तर पुढे काय, हे सगळं तिथे असतं. कार्यसूचीत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतात, त्यांवर बारीक लक्ष ठेवा. पैशाचा किंवा नेमणुकीचा विषय तिथे येऊ लागला, तर तो पुढच्या सभेत रीतसर घ्यावा असं नम्रपणे सुचवा. कार्यसूची पाहून घरीच राहिलेल्या सभासदावर नाहीतर तो अन्याय होतो.

आमच्याकडे शुल्कवाढीचा ठराव होता. सूचक झाले, अनुमोदक झाले, एवढ्यात एक तरुण शिक्षिका उभी राहिली. शेजारून कुणी म्हणालं, "राहू दे गं, सगळी घरचीच माणसं आहेत." एरवी तिला नावाने हाक मारणारे अध्यक्ष मात्र म्हणाले, "बाई, आपला विरोध नोंदवायचा आहे का?" ती म्हणाली, "नोंदवा." मी लिहिलं: ठराव बहुमताने मंजूर, एका सदस्याचा विरोध, कारणासह. पुढे तो विषय पुन्हा निघाला तेव्हा चर्चा त्या ओळीपासूनच सुरू झाली. त्या 'आपला'ने तिला अध्यक्षांच्या बरोबरीला आणून बसवलं, असं मी मानते.

या शहराला हे नवीन नाही. 1870 साली इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान 50 जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात, 'आम्ही लोकांच्या वतीने बोलतो' हे सरकारला दाखवायला त्या सह्याच हाताशी होत्या.

सरकारी कचेरीत अर्ज देताना दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय हलू नका. "साहेबांच्या कानावर घातलंय" याला पोच म्हणत नाहीत. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जायला हवा. फाइल अडली तर 2005चा विलंब प्रतिबंध कायदा लक्षात ठेवा: एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणतः सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. पत्रात तसा उल्लेख करताना आवक क्रमांक लागतोच.

रीत माणसाच्या आड मात्र येऊ देऊ नका. शिपाईकाकांची आई दवाखान्यात असेल, तर आधी त्यांना जाऊ द्या, रजेचा अर्ज परत आल्यावर घ्या.

आणि सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत व्हाइटनर कधीही लावू नका. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारा, वर बरोबर शब्द लिहा, बाजूला अध्यक्षांची सही घ्या.