इंग्लंडच्या राजांच्या मध्ययुगीन सनदा वाचताना या चुका टाळा

चौदाव्या-पंधराव्या शतकांत राजाने कोणाला किती दिले, हे पाहताना पहिली घसरगुंडी आकड्यावरच होते. सनदेत ‘मार्क’ लिहिले असेल तर त्याला पौंड समजू नका. मार्क हे नाणे इंग्लंडमध्ये पाडलेच जात नव्हते. तो निव्वळ हिशेबाचा आकडा. १ मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचा दोन-तृतीयांश. एडवर्ड तिसऱ्याने विल्यम माँटॅग्यूला सॉल्झबरीचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) केले आणि वर्षाला १,००० मार्कांचे उत्पन्न ठरवून दिले. ते झाले ६६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. पौंड धरलेत तर आकडा थेट दीडपट फुगतो.

तारखेचेही तसेच. ही नेमणूक १६ मार्च १३३७ची, पण तेव्हा इंग्लंडमध्ये नवे साल २५ मार्चला लागत असल्याने त्या काळच्या मोजणीत ते १३३६ भरते. सनदेवर मात्र बहुधा राज्यवर्षच, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचे कितवे वर्ष ते, असते. एडवर्ड तिसऱ्याचे पहिले राज्यवर्ष २५ जानेवारी १३२७ला सुरू होते, म्हणून आजच्या मोजणीतले साल काढायला १३२६मध्ये राज्यवर्षाचा आकडा मिळवा. तारीख १ ते २४ जानेवारीमधली असेल तर आणखी एक वर्ष वाढवा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सनद मिळाली तेव्हाच पैसे मिळाले असे मानणे. कित्येक जमिनी आधीचा उपभोक्ता वारल्यावरच हाती येणार असत. रोख रकमेऐवजी खजिन्याकडून टॅली, म्हणजे खाचा पाडलेली लाकडी पट्टी, हाती पडे आणि वसुली एखाद्या बंदराच्या जकातीतून करायची असे. जकातदाराकडे पैसे नसले की पट्टी परत येई. मग खजिन्यातले कारकून ती रक्कम धारकाने राजाला दिलेले ‘कर्ज’ म्हणून नोंदवत! त्यामुळे अर्लाने राजाला कर्ज दिल्याची नोंद दिसली की आधी जुनी टॅली रद्द झाली आहे का ते तपासा. नाहीतर थकबाकीदार राजा सोडून अर्लालाच सावकार ठरवून बसाल.

कवी चॉसरला १३६७ साली २० मार्कांचे वर्षासन मिळाले, म्हणून राजाने काव्याला आश्रय दिला असेही लिहू नका. त्याच्या हयातीतल्या सरकारी कागदांत कवितेचा उल्लेखच नाही. वर्षासन राजाच्या घरच्या सेवकाला होते.

नावे जुळली म्हणून माणूस एकच असेही नाही. सॉल्झबरीचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा बाप, वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा मुलगा. आणि किताबातल्या परगण्यावरून जमिनी शोधू नका : ऑक्सफर्डच्या अर्लांचे मुख्य ठाणे एसेक्समध्ये हेडिंगहॅमला होते.

राजा बदलला की जुनी देणगी नव्या राजाकडून कायम करून घ्यावी लागे. ही मंजुरी नवी देणगी म्हणून मोजली की बेरीज दुप्पट होते. चौथ्या हेन्रीने १३९९मध्ये चॉसरचे दुसऱ्या रिचर्डने दिलेले २० पौंड कायम केले आणि वर ४० मार्क दिले. त्यातली वाढ फक्त २६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्सची.